गोल खांबाला उरेब पट्टी

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते आपल्याला पाठ असतं. गाव कुठलं, माणसं किती, मटण शिजवता का. इंदापुरात तात्यांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी यातलं एकही विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला थांबवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वजन किती तुमचं?"

मी सांगवीची. बारामतीत शिवण शिकले आणि इंदापुरात बायकांसाठी शिवणक्लास काढायला आले होते. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं आई म्हणायची, ते काही खोटं नाही. "खोली द्यायचीय का लग्न जमवायचंय?" मी विचारलं.

तात्या हसले नाहीत. "खोली वरच्या मजल्यावर हाय, बाई. स्लॅब मी घातलाय. त्येला काय काय उचलाय लागणार ते कळाय नगं?"

मी दोन किलो कमी करून सांगितलं. त्यांनी ते भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं. मग तीन मशिनं, एक मोठं टेबल, कपाट, इस्त्री. मग बायका. "दहा-बारा येतील," मी म्हटलं. "सरासरी तुमच्यायवढ्या धरू का?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि उत्तराची वाट न बघता आकडा थोडा वाढवला. अर्ध्या तासानं बेरीज झाली, खोली मिळाली. अट एकच. एका वेळी बाराच बायका. "आन् हसायचं आसंल तर बसून हसा," ते म्हणाले.

तात्या सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल आणि खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या. बोटभर लांब, पातळ काच. भिंतीला भेग दिसली की तात्या तिच्यावर आडवी काच ठेवणार, दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका देणार आणि खाली तारीख लिहिणार. भेग आणखी उघडत असेल तर काच तडकते. भार घेऊनही काच शाबूत राहिली तर भेग मेली. तडकली तर जिवंत. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्याच आठवड्यात मी वर ब्लाउज बेतत बसले होते आणि खालून तात्यांचा आवाज आला, "अगं, मेली गं! मेली!" मी हातातली कात्री टाकून जिना उतरले. खाली माई, म्हणजे तात्यांची बायको, शांतपणे लसूण सोलत बसलेली.

"कोण गेलं, माई?"

"कोण न्हाय गं. फडताळामागची भेग मेली. च्या घेती का?"

माईंचं म्हणणं असं की त्यांच्या घरात कपबशा सहा आणि काचा साठ. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा तात्या सोबत आले, सासऱ्यांच्या पाया पडले आणि वाकलेलेच राहिले. सासरे म्हणाले, जावई किती नम्र. जावई जोत्याची भेग बघत होते.

हा माणूस कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचा नाही. बारशाला, साखरपुड्याला, दुखवट्यालासुद्धा. एकदा आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले. लोक खाली मान घालून बसलेले, तात्या मान वर करून. शेवटी त्यांना राहवलं नाही. उठले, गेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी काच लावली, तारीख टाकली आणि हात जोडून निघाले. म्हाताऱ्यांच्या सुनेला वाटलं हा खात्यातला कसला तरी विधी आहे. तिनं काचेला हळदकुंकू वाहिलं.

याहून वेडेपणाची गोष्ट मी मे महिन्यात बघितली. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवकडे जुनं देऊळ उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच काठावर आणखी आत, चिखलात, एक चौथरा उघडा पडायचा. तात्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी बांधलेली चावडी. तिचा चौथरा तेवढा उरलेला. तात्या दरसाल तिथं जायचे, गेल्या वर्षीची काच बघायचे आणि नवी लावायचे. मी एकदा बरोबर गेले होते. घोट्यापर्यंत चिखल.

"तात्या, वर्षातले दहा महिने पाण्यात असलेल्या चौथऱ्याची भेग जिवंत आहे का मेलेली, कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतोय," ते म्हणाले. काचेवरचा गाळ अंगठ्यानं पुसला आणि मग जे बोलले ते मी विसरलेले नाही. "तरणा हुतो तवा धा-बारा कामं केली ह्या पट्ट्यात. शाळा, चावडी, मोऱ्या, एक दवाखाना. धरण झालं आन् सगळी पाण्याखाली गेली. एकच टाकी ऱ्हायली. पाणी डोक्यावर घेऊन हुबी हाय, ती एकटीच."

ती टाकी पळसदेवच्या अलीकडच्या एका गावात. सहा गोल खांब, त्यांना मधे जोडणारे आडवे बीम आणि वर पाण्याचं मोठं पिंप. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्याकडे घरं पडली नाहीत, पण जमीन हलली. त्या पहाटे अख्खी गल्ली बाहेर पळाली आणि तात्या बाहेरून आत पळाले, काचा बघायला, असं माई सांगायच्या. घराच्या काचा शाबूत होत्या. टाकीचे बीम मात्र खांबाजवळ चिरले होते आणि खांबांना वर-खाली भेगा गेल्या होत्या. खात्यानं सिमेंट भरलं, पण टाकी तोंडापर्यंत भरली की तात्यांच्या काचा तडकायच्या. मग गाव टाकी अर्धीच भरायला लागलं. अशी पाच-सहा वर्षं गेली. शेवटी खात्यानं ठरवलं की टाकी पाडायची.

ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी तात्यांनी जेवणाचं ताट परत केलं. माईंनी वर येऊन मला सांगितलं, "शिव्या दिल्या आसत्या तरी बरं वाटलं आसतं. गप बसल्यात गं."

नेमकं त्याच सुमारास बारामतीला एका कॉलेजात पुण्याच्या एका सरांचं भाषण होतं. भूकंपानं चिरलेल्या बांधकामांना कार्बन फायबर लावून मजबूत कसं करायचं, असा विषय. तात्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि नाक मुरडलं. "कार्बन म्हंजी टायपिंगचा कागूद. त्यो भिताडाला लावून काय, खाली दुसरं भिताड उमटतंय व्हय?" पण गेले. मला बटणं आणि दोरे आणायचे होते, म्हणून मीही एसटीनं बरोबर गेले.

सर तरुण होते, बारीक आवाजात बोलायचे. पडद्यावर चित्रं दाखवत होते. काळं कापड, केसाहून बारीक धाग्यांचं. दोन डब्यांतला डिंक एकत्र करून चिरलेल्या खांबाला फासायचा, त्यावर हे कापड गुंडाळायचं, पुन्हा डिंक. वाळलं की ओढून तोडायला लोखंडापेक्षा अवघड. तात्या मधेच उभे राहिले. "म्हंजी सर, खांबाला कापड नेसवायचं?"

लोक हसले. सर विचार करून म्हणाले, "हो. तसंच म्हणा."

भाषण संपल्यावर तात्यांनी सरांना दाराशीच गाठलं आणि टाकीची सगळी हकिकत सांगितली, अगदी कुठली काच कुठल्या तारखेला तडकली तिथपर्यंत. सरांकडे परदेशातून नमुना म्हणून आलेला एक रोल होता. एकच. कुठेतरी करून दाखवायचा म्हणून जपून ठेवलेला. त्यांनी टाकी येऊन पाहिली, खात्याशी बोलले. खातं म्हणालं, करा. मग टाकी काठोकाठ भरा. एक जरी काच तडकली तरी टाकी पाडणार.

तात्यांनी सरांकडून हातभर लांब नमुना मागून आणला होता. तो घेऊन ते क्लासात वर आले. मी चिमटीत धरून बघितला. "काळं आहे. संक्रांतीला चालेल," मी म्हटलं. तात्यांना थट्टा ऐकू येत नव्हती. त्यांनी नमुन्याच्या दोन्ही टोकांना टॉवेल गुंडाळले, एका बाजूला सहा बायका आणि दुसऱ्या बाजूला सहा बायका उभ्या केल्या आणि रस्सीखेच लावली. बायकांनी पदर खोचले. कापड तसूभर हललं नाही. दोन बायका बसल्या, एकीची चप्पल सुटून खिडकीतून गेली, आणि बाराच्या बारा बायका त्या स्लॅबवर उभ्या राहून हसल्या. तात्या स्वतःही हसत होते, उभे राहूनच.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

कापड आलं आणि पहिल्याच दिवशी गवंड्यांनी सुरीनं कापायला घेतलं. कडेचे धागे सुटून नुसत्या झिपऱ्या झालेला तुकडा हातात आला. सरांचा चेहरा पडला. तात्या म्हणाले, "थांबा. आमच्या घरात कापडातलं माणूस हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी रोल माझ्या टेबलावर. सर टाकीवर खांब घासून घ्यायला गेले आणि तात्या मला सांगून गेले, "खांब गोल हाईत. पट्टी फूटभर रुंद. कमरंभवती फिरून वर टीचभर उरली पायजे. बाकी तुमाला शिवणकाम कळतंय, मी काय सांगावं?"

मला कळत होतंच. पन्हा चांगला रुंद होता. मी कापण्याच्या रेषेवर आधी चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या मधून कात्री चालवली. एक धागा सुटला नाही. बायका बघत राहिल्या. मला फार अभिमान वाटला, खरं सांगते. परदेशी कापड, पुण्याचे सर, आणि कात्री माझी. जेवणाच्या वेळेला तात्या आले तेव्हा पाव रोल कापून, घड्या न घालता, एकावर एक रचून ठेवला होता.

तात्यांनी वरची पट्टी उचलली. उजेडाला धरली. मग दुसरी. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्ये तिरकं का हाय?"

"उरेब आहे," मी म्हटलं. "गोल गळ्याला उरेबच पट्टी लागते, तात्या. सरळ लावली तर चुण्या पडतात. खांब गोल आहेत ना?"

तात्या जिन्यात जाऊन बसले.

मी मागोमाग गेले. त्यांनी मला समजावलं, आणि आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं. ह्या कापडाचा सगळा जीव एकाच दिशेच्या धाग्यात. तो धागा खांबाभोवती न तुटता पुरा फिरला तरच खांब आवळला जातो. उरेब कापलं की धागा दीड फूट जाऊन संपला. खांबाला मिठी मारायच्या ऐवजी नुसता हात लावून सोडल्यासारखं.

"मग आधी सांगायचं नाही का?" मी ओरडले.

"मला काय म्हाईत तुमचं गळ्याचं शास्त्र!" तेही ओरडले. खालून माईंनी जेवायला हाक मारली तिला कुणी ओ दिली नाही.

मला रडू आलं. दहा वर्षांत माझ्या हातून कुणाचं कापड वाया गेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या उरलेल्या चिंध्याही मी परत देते. आणि इथं पाव रोल, जो जगात पुन्हा मिळणार नव्हता, आणि ज्या माणसाची एकच गोष्ट पाण्याबाहेर उरली होती त्याचा.

"सरांना सांगाय पायजे," तात्या म्हणाले आणि मोपेड काढली. मी एक पट्टी खांद्यावर टाकली आणि मागे बसले. बसताना त्यांनी वजनाबद्दल एक शब्द काढला नाही, तेव्हा परिस्थिती किती वाईट आहे ते मला कळलं.

टाकीखाली नेहमीप्रमाणे त्या गावचे आबा बसले होते. आबांनी एके काळी मेंढरं राखली, आता डाळिंब लावलं होतं, पण बसायची सवय मेंढपाळाची. सावली सरकेल तसे तेही सरकायचे. सर बांबूच्या परांचीवर होते. तात्यांनी खालूनच सांगितलं, "सर, कापड चुकीचं कापलं. पाव रोल. चूक माझी हाय, मी दिशा सांगितली न्हाय. बाईंनी एक नंबर कापलंय, पर मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण भर उन्हात सगळ्या गवंड्यांसमोर त्या माणसानं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. त्या क्षणी ते मला माझ्या वडिलांच्या जागी वाटले.

सर खाली उतरले. त्यांचं तोंड बघवत नव्हतं म्हणून मी वर बघायला लागले. गवंड्यांनी गिलावा काढून बीमच्या भेगा खडूनं रंगवल्या होत्या. खांबाजवळ प्रत्येक बीम चिरलेला होता, आणि चीर आडवी नाही, उभीही नाही.

"तात्या," मी म्हटलं, "हे तर उरेब फाटलंय."

"काय?"

"बीम. उरेब फाटलाय. फाटलेल्याला टाका कसा घालतात? फाटीला आडवा. ह्या पट्टीतला धागा बघा की कसा जातोय."

तात्यांनी माझ्या खांद्यावरून पट्टी ओढली आणि या वयात परांचीवर असे चढले की आबाही उभे राहिले. पट्टी बीमच्या अंगाला लावून धरली. फूटभर रुंद पट्टी, फूटभरच उंचीचा बीम. भेग एका तिरक्या दिशेनं गेलेली आणि काळा धागा बरोबर तिच्यावर आडवा, टाके घातल्यासारखा. "सर! सर, वर या!" तात्या ओरडत होते.

सर वर गेले. खिशातून शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि बराच वेळ मोजत बसले. मग खाली वाकून मला म्हणाले, "बीमला असंच तिरकं लावायला पाहिजे होतं. खांबांनाच कापड कसंबसं पुरतंय म्हणून मी बीम सोडून दिले होते. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"बारामतीच्या शिवणक्लासनं," तात्यांनीच वरून उत्तर दिलं.

"पण आता खांबांना कापड कमी पडणार," सर म्हणाले.

"कापड कमी पडलं की आम्ही बाही आखूड करतो," मी म्हटलं. आता मला धीर आला होता.

सर हसायला लागले. मग हसता हसता थांबले. उरलेला अख्खा दिवस ते आबांच्या शेजारी सावलीत बसून आकडेमोड करत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की चालेल. खांबाला धोका वरच्या आणि खालच्या टोकाला, जिथं तो दुसऱ्याला जोडलेला असतो. मधला भाग उघडा राहिला तरी चालेल. उरलेलं कापड मी सरळ धाग्यावर कापलं. तात्या शेजारी उभे राहून प्रत्येक पट्टीला "उभा धागा, बाई, उभा" म्हणत होते. शेवटी मी त्यांना कात्री दाखवली.

चिकटवण्याच्या दिवशी मीही गेले. डिंकाचे दोन डबे एकत्र केले की अर्ध्या तासात तो दगड होतो, त्यामुळे सगळे ओरडत होते. तात्या सर्वांत जास्त. त्यांनी बीमच्या एका टोकाला उरेब पट्टी लावली, दुसऱ्या टोकाकडे धावले आणि पुढची पट्टी तशीच लावायला घेतली. मी खालून किंचाळले, "तात्या! डाव्या मुंढ्याला उजवी बाही लावताय!"

ते थबकले. बघितलं. त्या टोकाची भेग उलट्या दिशेनं तिरकी होती. धागा भेगेवर आडवा जायच्या ऐवजी तिच्या बरोबरीनं चालला होता. त्यांनी पट्टी उलटी केली, लावली, आणि तिथूनच मला हात जोडले. माझी पाव रोलाची चूक तिथं फिटली असं मी समजते. त्यांनीही पुन्हा कधी काढली नाही.

खांबांचं काम गवंड्यांना जमेना. कापडाखाली हवा राहायची, फुगे यायचे. आबा बराच वेळ बघत होते. मग उठून म्हणाले, "सरका. जल्मात कधी पटका बांधलाय का रं तुमी?" त्यांच्या डोक्यावर लाल पटका होता, गेली पन्नास वर्षं रोज स्वतःच्या हातानं बांधलेला. त्यांनी कापडाचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि खांबाभोवती चालत गेले, एका हातानं ओढ देत, दुसऱ्यानं चोपत. एक चुणी नाही. "ढिला ठिवला की वाऱ्यानं जातुया," एवढंच म्हणाले. बाकीचे पाच खांब त्यांनीच बांधले. सर वहीत काहीतरी लिहून घेत होते.

गावातल्या बायकांनी मात्र तोंडं वाकडी केली. पाण्याच्या टाकीला काळं? तात्यांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "टाकीला दिष्ट लागली हुती. तीट लावलीया." तेवढं सगळ्यांना पटलं.

मग टाकी भरायचा दिवस आला. तात्यांनी प्रत्येक भेगेच्या जागी कापडावरून नवी काच लावली होती. पहिल्या दिवशी अर्धी भरली. काचा शाबूत. दुसऱ्या दिवशी पाऊण. शाबूत. तिसऱ्या दिवशी माई डबा घेऊन आल्या आणि समोरच्या देवळाच्या पायरीवर बसल्या. खात्याचा माणूस खुर्ची टाकून, मांडीवर कागद घेऊन. तात्या टाकीखाली परांचीवरच उभे. तिथं सर्वांत वाईट चिरलेला बीम होता, त्याच्या काचेवरून त्यांची नजर हलत नव्हती. पंप चालू होता. मी मनातल्या मनात दत्ताला नवस बोलले, काय बोलले ते सांगणार नाही.

दुपार कलायला लागली आणि 'टक्' असा आवाज आला.

काच फुटल्याचाच आवाज. खात्याचा माणूस उठला. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. सर धावत एकेक काच बघायला लागले. तेवढ्यात आबा ओशाळून म्हणाले, "च्याचा गिलास हुता. माझ्या पायाखाली आला." तात्यांनी आबांना ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहू शकत नाही. त्या पुऱ्या व्हायच्या आत वरून पाणी आलं.

टाकी काठोकाठ भरली होती. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच. ओव्हरफ्लोचा पाइप कुठं आहे हे गाव विसरून गेलं होतं. तो बरोबर तात्यांच्या डोक्यावर होता. जाड धार, गंजानं लाल, मग स्वच्छ. तात्या हलले नाहीत. धारेत उभे राहून चष्मा पुसत, पुन्हा भिजवत, काच बघत राहिले.

"तात्या," आबा म्हणाले, "सोताच बांधलेली टाकी आन् सोतालाच ठावं न्हाय पाणी कुठनं पडतंय. तुमची समदी कामं पाण्याखाली गेली, तुमी तेवढं ऱ्हायला हुता!"

सगळे हसले. तात्यांनी ओलं बोट काचेवर ठेवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग ते वळले, परांचीवरून उतरले आणि धावत सुटले. चप्पल तिथंच राहिली. "मेली!" ते ओरडत होते. "मेली! मेली!" गावातल्या वाटेनं, अंगावरून पाणी निथळत, "मेली हो, मेली!"

दारादारातून बायका बाहेर आल्या. कुणी पिठाच्या हातानं, कुणी कडेवर पोर घेऊन. कोण मेली? कुणाची? एका म्हातारीनं तर काही न विचारता सवयीनं गळाच काढला. आबा मागून लंगडत, "अगं रडू नगं! भेग मेली, भेग!"

"कुणाची?"

"टाकीची!"

"मग इतकं वराडताय कशाला, मुडद्यांनो!" ती म्हणाली आणि डोळे पुसून आत गेली.

तात्या गावाला वळसा घालून देवळापाशी आले. माई पायरीवर डबा मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. तात्या त्यांच्यासमोर उभे राहिले. धाप लागलेली, चष्म्याच्या दोन्ही काचांवर पाणी. आता आवाज निघत नव्हता.

"मेली गं," ते म्हणाले.

माईंनी डबा खाली ठेवला. उठल्या, आणि सगळ्या गावासमोर, पदरानं त्यांचं डोकं पुसायला लागल्या, शाळेतून भिजून आलेल्या पोराचं पुसावं तसं.

"सुटलात," माई म्हणाल्या. "आता तरी जेवा."